शब्दशंका : ‘पाव’

प्रश्न : बाजारात आम्ही ‘पाव’ किलो सांबार (कोथिंबीर) घेतो आणि बेकरीतून ‘पाव’ आणतो. हा शब्द एकच आहे काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. चौथा हिस्सा दाखवणारा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून आला असून, चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चतुर्थांश, अशी त्यामागची कल्पना आहे. हिंदीतील ‘पाँव’ही त्याच कुळातला. बेकरीतला पाव मात्र पोर्तुगिजांचा. त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’मध्ये असून, पोर्तुगिजांनीच तो शब्द जपानलाही दिल्यामुळे तेथे पावाला आजही ‘पान’ म्हणतात, जे ऐकून आपला पानठेलेवाला चक्रावेल! कणीक पायांनी तुडवतात म्हणून ‘पावरोटी’, ही व्युत्पत्ती चवीने सांगितली जात असली, तरी निराधार आहे. ‘देव पावला’मधील क्रियापद तिसरेच; ते संस्कृत ‘प्राप्’पासून आले.