अनुमती मिळालेला राज्याचा कायदाही रद्द होतो?

प्रश्न : महाराष्ट्राने 2012 मध्ये गृहनिर्माणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली होती. जमीन राज्याच्या सूचीत असताना केंद्राच्या रेराने (2016 चा स्थावर संपदा नियमन कायदा) तो रद्द कसा केला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रेराच्या कलम 92 मध्ये त्या कायद्याचे नाव घेऊनच निरसन केले आहे, म्हणजे तो रद्द केला आहे. जमीन राज्यसूचीत (नोंद 18) आहे हे खरे. पण बिल्डर आणि ग्राहक यांच्यातला व्यवहार म्हणजे करार आणि मालमत्तेचे हस्तांतरण. हे विषय समवर्ती सूचीत (नोंद 6 व 7) येतात. तिथे दोघांनाही कायदा करता येतो आणि विसंगती आली की घटनेचा अनुच्छेद 254 बघावा लागतो. एरवी केंद्राचा कायदा टिकतो. राष्ट्रपतींची अनुमती असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा. बहुतेक जण इथवरच वाचतात. पुढच्याच परंतुकात (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादात) संसदेला असा कायदा केव्हाही बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार दिला आहे.

अनुमती सरसकटही नसते. कैसर-ए-हिंद खटल्यात (2002) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या केंद्रीय कायद्याशी असलेली विसंगती राष्ट्रपतींपुढे मांडली, तेवढ्यापुरतीच अनुमती चालते. त्यामुळे सरकारी जागेतून ताबेदारांना बाहेर काढण्याच्या 1971 च्या केंद्रीय कायद्यापुढे मुंबई भाडे कायदा टिकला नाही. प्रस्ताव पाठवताना विधी विभागाने प्रत्येक केंद्रीय कायदा नावानिशी लिहिलाच पाहिजे. इथली हयगय शेवटी भाडेकरूला भोवते. पश्चिम बंगालने तर रेरा असताना 2017 मध्ये जवळपास तसाच कायदा अनुमतीशिवाय केला. 4 मे 2021 रोजी न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल, तर राज्याच्या अधिनियमाचे पहिले पान पाहा. अनुमती राज्यपालांची की राष्ट्रपतींची, हे तिथे छापलेले असते. मग केंद्रीय कायद्याचे वर्ष आणि त्याची शेवटची कलमे वाचा. निरसन बहुधा तिथेच सापडते.

प्रश्न : मग 1963 चा मोफाही (महाराष्ट्राचा मालकीच्या सदनिकांचा कायदा) संपला का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कलम 92 मध्ये फक्त 2012 च्या कायद्याचे नाव आहे. कलम 88 नुसार रेरा इतर कायद्यांना पूरक आहे, मात्र थेट विसंगती आली तर कलम 89 मुळे रेरा वरचढ ठरतो. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर ती करून घेण्याचा) अर्ज मोफाच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडेच करायचा.