टीव्हीवर टास्कबार अर्धा गायब!

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की चारही कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो. रिझोल्युशन बदलून पाहिलं, तेच. काय करू?

उत्तर : रिझोल्युशनला हात लावू नका, फुल एचडी टीव्ही असेल तर १९२० बाय १०८० च ठेवा. हा ओव्हरस्कॅनचा प्रकार, जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीत कडा नीट यायच्या नाहीत म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या झाकायचे, ती खोड नव्या टीव्हीतही उरलीय. रिमोटवरून पिक्चर साइजमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असलं काही दिसतंय का बघा (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, वैताग नुसता). नाहीच सापडलं तर लॅपटॉप जोडलाय त्या एचडीएमआय इनपुटला टीव्हीच्या मेनूत 'पीसी' नाव द्या, बऱ्याच टीव्हीत तेवढ्यानेच काम होतं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधलं स्केलिंग (चित्रच लहान करून पडद्यात बसवणं) अगदी शेवटी, त्याने अक्षरं पुसट होतात.