मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला शास्त्रीय गाणं कसं सुरू झालं?

तुम्ही विचारलंय की बदलीमुळे मिरजेत आलात, सूफी संत मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात ख्याल ऐकलात, आणि हा 'फेस्टिव्हल' कुठल्या संस्थेने काढला, दर्ग्यात कव्वालीऐवजी मारवा-पूरियासारखे राग कसे, हे कुणी धड सांगेना. माझं बालपण दर्ग्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर गेलं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, गावात याला फेस्टिव्हल कुणी म्हणत नाही. म्हणतात 'दर्ग्यातलं गाणं'. फलकावर अब्दुल करीम खाँ स्मृती संगीत सभा असं लिहिलेलं असतं. आणि याची सुरुवात संस्थेपासून शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण आधी इथे एक माणूस नुसताच येऊन गात बसायचा.

तो माणूस म्हणजे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. बडोद्याच्या दरबारात होते, तिथून ताराबाई मान्यांसह बाहेर पडले, मुंबई-पुणे-बेळगाव असं फिरून अखेर मिरजेत स्थिरावले. मिरजच का, याचं गावातलं उत्तर ठरलेलं आहे: प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, मिरासाहेबांच्या दारात येऊन गात बसले आणि बरे झाले. दर्ग्यातल्या ज्या झाडाखाली बसून ते गायचे ते झाडही दाखवतात. प्लेगच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण शेवटपर्यंत त्यांनी या जागेचा धागा सोडला नाही, एवढं खरं.

मला विचाराल तर दुसरंही एक कारण होतं, आणि ते सतारमेकर गल्लीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगारांचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचा, धंदा बसला. त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवायला सुरुवात केली. मिरज संस्थानाच्या गादीवर पटवर्धन होते, त्यांचा आश्रय मिळाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या गल्लीच्या गल्ली त्याच कामाला लागली. भोपळे यायचे पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या काठचे. खाँसाहेबांना स्वतःलाही वाद्यदुरुस्तीचा नाद होता. स्वराच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस ज्या गावात तंबोरे बनतात तिथे येऊन राहिला, यात मला तरी नवल वाटत नाही.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतली गुंजन, लावताना कधी पाहिलंय का? नसेल तर पुढच्या रविवारी गल्लीत जा. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा दिसायला सपाट, पण त्याला किंचित उतार असतो. कारागीर तो कानशीने एकेक घास घासतो, तार छेडतो, कान खाली नेतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सारतो आणि केसाएवढा पुढे-मागे करत राहतो. एका ठिकाणी तार अचानक उघडते, मधमाश्या उठाव्यात तशी. एक धागा इकडचा तिकडे झाला की ती पुन्हा मिटते. आमच्या आजोबांचे एक स्नेही या कामात होते. ते एक तार लावायला बसले की आम्ही पोरं कंटाळून गोट्या खेळून परत यायचो, तरी ते त्याच तारेवर असत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. नव्या पोरांना या कामात बसवायचं कसं हा प्रश्न मात्र मानांकनाने सुटलेला नाही.

तिसरं कारण रेल्वे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज हे तिन्ही रूळ एकेकाळी मिरज जंक्शनात येऊन मिळायचे. पुण्या-मुंबईचा गवई हुबळी-धारवाडला निघाला की मिरज वाटेतच, आणि पंढरपूरकडची छोटी गाडी इथेच संपायची. गवयाला मिरजेत उतरायला वेगळं निमंत्रण लागत नसे. तंबोरा दुरुस्तीला टाकायचा असायचा, नाहीतर मिशन हॉस्पिटलात कुणाला दाखवायचं असायचं. मिशन हॉस्पिटलाच्याही आधी गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत आले होते, लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाल्यावर उपचारासाठी. दृष्टी काही पूर्ण परत आली नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं मिळालं. (पलुसकरांचाही जन्म १८७२ चाच. गावाला हा योगायोग मोठ्या अभिमानाने सांगायला आवडतं.)

आता मूळ मुद्दा. १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून घेतलं, नमाज पढले, दरबारी रागाच्या सुरांत कलमा म्हणता म्हणता प्राण सोडला. तारीख २७. त्यांना तिथे दफन केलं नाही. मिरजेला आणलं आणि मिरासाहेबांच्या आवारातच माती दिली.

उरूस तर गावात आधीपासून होताच. त्यात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढतो, आणि तो मान आजही कुणी दुसरा घेत नाही. चांद्र महिन्याप्रमाणे उरूस येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. तुम्ही पुढच्या वर्षी याच तारखेला गेलात तर मांडव उठलेला असेल. खाँसाहेबांची कबर इथे झाल्यावर शिष्यमंडळी उरुसात येऊन गायला लागली आणि त्याचीच सभा झाली. शब्द 'हजेरी' असाच वापरतात: अमक्याने दर्ग्यात हजेरी लावली. बिदागी ठरवून कुणी येत नाही. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगळ, भीमसेन जोशी असे लोक इथे गाऊन गेले, आणि त्याच मंचावर गावातला शिकाऊ मुलगाही बसतो.

हिराबाईंचं नाव आलं म्हणून सांगतो. त्या खाँसाहेबांची मुलगी. ताराबाई १९२२ च्या सुमारास मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, आणि अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई झाली. बापाशी दुरावा आला तरी गळ्यातलं घराणं तेच राहिलं. हे माहीत असेल तर दर्ग्यातलं त्यांचं गाणं हा नुसता कार्यक्रम वाटत नाही.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाशी तुम्ही तुलना केलीत. नात्याने पाहिलं तर सवाई या दर्ग्याचा नातू लागतो. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, खाँसाहेबांचे शिष्य. ते १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात पुण्यतिथी सुरू केली. तिथे तिकीट आलं, खुर्च्या आल्या, बाहेर खाण्याचे स्टॉल आले. मिरजेत अजून सतरंजी आहे. पण म्हणून इथलं सगळं छान असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या रस्त्यावर पाळण्यांचे भोंगे चालू असतात, आणि विलंबित ख्यालात मध्येच सिनेमातलं गाणं घुसतं. एका वर्षी ऐन आलापात वीज गेली. गवई थांबला नाही, आणि मला तर माइकशिवायचा तो अर्धा तासच त्या रात्रीतला सगळ्यात चांगला वाटला. तंबोरे एरवी ऐकू येत नसत, ते त्या रात्री आले.

आमच्या लहानपणी आम्ही पहाटे भैरवी ऐकून घरी जायचो, डोळे चोळत, हातात भडंगाची रिकामी पुडी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री उशिरापर्यंत माइक चालवणं अवघड झालं. त्यामुळे उत्तररात्रीचे राग ऐकायचे कधी, अशी जुन्या लोकांची तक्रार असते. शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलंही असतात, त्यामुळे मी या तक्रारीत पूर्णपणे सामील नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा पुढे बसू नका. मागे, खांबाजवळ बसा. गल्लीतले म्हातारे कारागीर तिथे असतात. गवई तंबोरा मिळवत असतो तेव्हाच त्यांच्यातला कुणीतरी हळूच म्हणतो, "पंचम उतरलाय." मग मंचावर पाहा. बहुतेक वेळा गवयाचा हात त्याच खुंटीकडे गेलेला असतो.