जाहिरातीतली दिवाळी आणि जादा गाडीची दिवाळी

“मीही मेले म्हणून कळवू का? तेव्हा तरी येईल,” असे म्हणत पासष्टीच्या एक बाई ऐन दिवाळीच्या तोंडावर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे आणि शेजारणीने त्यांना फोनवर तिथलीच एक जाहिरात पाठवली होती. एडेका या किराणा दुकानांच्या साखळीने २०१५ च्या नाताळासाठी केलेल्या या जाहिरातीत सणाला एकटाच जेवणारा म्हातारा आपल्या मृत्यूची खोटी बातमी मुलांना पाठवतो. मुले काळ्या कपड्यांत रडत घरी येतात, तर समोर सजवलेले टेबल आणि जिवंत बाप.

असे बोलणे कानी आले की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे मी आधी सरळ विचारते. तसा विचार नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि दिवाळी जवळ आली की तो माझ्याकडे हमखास येतो: सगळ्यांची मुले सणाला घरी येतात, मग आमच्याच घराचे काय चुकले?

“सगळ्यांची” म्हणजे कोणाची, असे विचारल्यावर त्यांनी जी घरे सांगितली, त्यांतली बहुतेक मिठाईच्या आणि रंगाच्या जाहिरातींतली निघाली. आधी रिकामी खुर्ची, मग दारावरची बेल, आणि आईचे डोळे भरून येताच कंपनीचे नाव, अशी ही घडण असते. रजेचा अर्ज, हंगामातले विमानाचे भाडे, लक्ष्मीपूजनाला जर्मनीत सुट्टी नसणे, यांतले काहीच त्या दोन मिनिटांत मावत नाही. दुसऱ्या दिवशीची कुरबुर तर नाहीच नाही. तरीही “ती नुसती जाहिरात आहे” असे मी म्हटले नाही, कारण बाईंचे रडू खरे होते.

तुमच्या घरी सगळे एकत्र असलेली दिवाळी कोणती, असे मी विचारले. बराच वेळ आठवून त्या हसल्या. त्यांचे दिवंगत यजमान एसटीत चालक होते. दिवाळीत जादा गाड्या सुटत, त्यामुळे लोकांना घरी पोहोचवणारा हा माणूस स्वतः मात्र सणाला घरी नसे. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान मायलेक दोघेच उरकत. पाडव्याचे ओवाळणे यजमान परततील त्या दिवशी, कधी भाऊबीज उलटून गेल्यावरही होई, आणि तोवर करंज्यांचा एक डबा मुलाच्या हाती लागू नये म्हणून माळ्यावर असे.

ती जाहिरात पाहून त्यांनी मुलाला “तू का येत नाहीस?” असे रडत विचारले होते आणि तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले होते. पुढच्या भेटींत आम्ही “तुला कधी जमेल?” एवढेच विचारण्याची तयारी केली. ऐकायला हे सोपे वाटते, पण त्यांना तीन आठवडे लागले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा एकटेपणा उरलाच होता. मात्र बोलता बोलता कळले की जाहिरात पाठवणारी शेजारीणही त्या संध्याकाळी एकटीच असणार होती. पूजा दोघींनी मिळून केली.

मुलगा फेब्रुवारीत दहा दिवसांसाठी आला. बाईंनी फोन करून सांगितले की गॅलरीत आकाशकंदील लावला आहे आणि सोसायटीतले लोक विचारतात, तेव्हा त्या म्हणतात, “आमची जादा गाडी उशिरा लागली.”