स्टीलच्या जाळीत भिजवलेली कॉफी कडू होते आणि तळाला गाळ राहतो. कागदी फिल्टर घ्यावा का?

जाळीला दोष देऊ नका. पूड फार बारीक असेल किंवा फार वेळ भिजत राहत असेल. दुकानात जाड रव्यासारखी दळून मागा आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नको म्हणून ठणकावून सांगा. मिश्र पूड असेल तर तिच्यात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्यानेच चालते.

आणि कोणी काहीही म्हणो, भिजवलेली कॉफी पुन्हा गॅसवर चढवायची नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात साखर-जायफळ घालून उकळलेली. ती मलाही आवडते. पण मोठे भाऊजी काळ्या कॉफीलाही तोच नियम लावायचे, "उकळल्याशिवाय अर्क उतरत नाही." मी पूड भिजत घातली की येता-जाता भांडं गॅसवर ठेवून मोकळे. एका पाडव्याला तर पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिची कॉफी म्हणजे नुसतं रंगीत पाणी." मी तिथेच दोन भांडी मांडली. चिकमगळूरची तीच अरेबिका, दोन्हीकडे अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम. एक त्यांच्या पद्धतीने खळखळ उकळली; दुसरी झाकण ठेवून ४ मिनिटं भिजवली, जाळी उचलली, दाबली-पिळली नाही. जाऊबाईंनी न सांगता कप पुढे केले. भाऊजींनी एक कप संपवला, दुसऱ्याचा घोट घेतला आणि साखरेचा डबा मागितला. तो दुसरा कप उकळलेल्या कॉफीचा होता! अजूनही म्हणतात, "पूड वेगळी असणार." पूड एकाच डब्यातली होती.

पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून गॅस बंद केल्यावर पूड भिजवण्याआधी अर्धा मिनिट थांबलं तरी पुरे. गाळ थोडा राहणारच; कप मिनिटभर स्थिर ठेवा, शेवटचा घोट सोडा. जाळी मात्र रोज घासा. उजेडासमोर धरून बघा, भोकं तपकिरी दिसली तर ते कॉफीचं तेल आहे, त्यानेच पुढची कॉफी खवट लागते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर बुडवा, मग मऊ ब्रशने घासा.

कागदाचं म्हणाल तर एक सांगायला हवं. जाळीतून कॉफीचं तेल कपात उतरतं आणि रोज प्यायल्यास त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढू शकतं. कागद ते बरंचसं अडवतो. तुम्हाला तो त्रास असेल तर कागदीच घ्या. भाऊजींच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांचा कप मी कागदातून गाळून देते. उकळू मात्र देत नाही.