प्रश्नचिन्हांचं पान

प्रश्न : मी सिंधुदुर्गातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या कार्यवाहांच्या भाच्यानं काही वर्षांपूर्वी ग्रंथालयाची अकरा पानांची वेबसाइट करून दिली. साधी एचटीएमएल पानं आहेत, सगळी एका फोल्डरमध्ये. भाचा आता जर्मनीत. मागच्या महिन्यात वार्षिक सभेची सूचना टाकायची होती, म्हणून फोल्डरमधलं इंग्रजी नमुना पान नोटपॅडमध्ये उघडलं, मराठी मजकूर चिकटवला, सेव्ह केलं. मधे काहीतरी इंग्रजीत विचारलं, मी ओके दाबलं. परत उघडते तर सूचनेच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! एक सभासद म्हणतात ड्रीमवीव्हर घ्या, पण तेवढे पैसे नाहीत. वर्डसारखा, दिसेल तसं लिहिता येईल असा एखादा फुकटचा एडिटर सुचवाल का? संगणक विंडोज ७ चा आहे, रॅम दोन जीबी.

उत्तर : तुमचं पत्र वाचताना त्या 'ओके'पाशी मी थांबले. गुन्हेगार तिथेच सापडला. जुन्या नोटपॅडनं तुम्हाला बजावलं होतं, की या फाइलमध्ये युनिकोड अक्षरं आहेत, एएनएसआय म्हणून ठेवलीत तर ती जातील. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांना जागा देणारी पद्धत, एएनएसआय म्हणजे जुनी, मोजक्याच अक्षरांची. तुमचं नमुना पान निव्वळ इंग्रजी, त्यामुळे नोटपॅडनं त्याला एएनएसआय समजूनच उघडलं होतं. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. म मावेना, टाकलं प्रश्नचिन्ह. भ मावेना, टाकलं प्रश्नचिन्ह. ती प्रश्नचिन्हं आता खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत, त्यांच्या पोटात तुमचा मजकूर राहिलेला नाही. सूचनाफलकावर लावलेला कागद काढा आणि पुन्हा टाइप करा, दुसरा इलाज नाही.

हे मुद्दाम सविस्तर सांगतेय, कारण याचं एक जुळं दुखणं आहे आणि दोघांत लोक गल्लत करतात. कधी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं न येता डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. ती दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणाऱ्याला चुकीच्या पद्धतीनं वाचायला सांगितलेलं असतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या एकेका खुणेला तीन बाइट लागतात. ब्राउझरला ते सांगितलं नाही तर तो तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं करून दाखवतो. पानाच्या डोक्यावर, हेड टॅग (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली कोनी कंसांतली खूण) उघडल्या उघडल्या, मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ टाका, की बहुधा सगळं जागेवर येतं. ती ओळ पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी लागते, म्हणून वरच ठेवायची.

आता एडिटर. तुमच्या संगणकावर नोटपॅड++ टाका. डॉन हो यांनी २००३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला हा एडिटर फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे, आणि दोन जीबीत आरामात चालतो. फक्त विंडोजवर चालतो, पण तुमच्यापुरती ती अडचण नाही. टाकल्याबरोबर एक काम करा. सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस, त्यात न्यू डॉक्युमेंट. तिथे यूटीएफ-८ निवडा, आणि त्याच्याच खाली 'उघडलेल्या एएनएसआय फाइल्सनाही लागू करा' अशा अर्थाची इंग्रजी चौकट असते, तिच्यात खूण करा. ती खूण नसेल तर तुमचं ते इंग्रजी नमुना पान इथेही एएनएसआय म्हणूनच उघडेल.

एन्कोडिंग मेनूत दोन तऱ्हेचे पर्याय दिसतील आणि दोन्हींत यूटीएफ-८ असेल. नुसतं नाव असलेला पर्याय फाइल फक्त वेगळ्या पद्धतीनं वाचून दाखवतो. 'कन्व्हर्ट टू' असलेला पर्याय फाइल खरोखर बदलतो. टोप्यावाली अक्षरं दिसली तर पहिला वापरायचा. त्या वेळी दुसरा दाबलात तर टोप्याच कायमच्या पक्क्या होतील. आणि बीओएम (फाइलच्या सुरुवातीला बसणारी अदृश्य खूण) लिहिलेल्या पर्यायाला हात लावू नका.

मेनू मराठीत करायचीही सोय आहे. मी मात्र इंग्रजीच ठेवते. फोनवरून कुणाची मदत घेताना 'रूपांतर करा कुठंय?' यावर पलीकडचा गप्प होतो.

तुम्ही मागितलाय वर्डसारखा एडिटर, आणि मी दिला साध्या मजकुराचा. रागावू नका, यामागे माझी बावीस वर्षं आहेत. २००३ मध्ये सांगलीत आमच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर मी वेबसाइटचं काम सुरू केलं ते फ्रंटपेज या मायक्रोसॉफ्टच्या 'दिसेल तसं' एडिटरवर. काय सुख होतं! चित्र ओढा, टाका, मजकूर ठळक करा, अभिप्रायाचा फॉर्म बटण दाबून बसवा. पण ते फॉर्म चालायला सर्व्हरवर फ्रंटपेजची खास जोडणी लागायची. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्यांनी, ती काढली आणि माझ्या गिऱ्हाइकांचे फॉर्म एकापाठोपाठ एक मुके झाले. पुढे फ्रंटपेजच बंद पडलं, २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली. मग एनव्हीयू हा तसलाच एडिटर, त्याच्यातून निघालेला कॉम्पोझर. तोही २०१० नंतर जागचा हलला नाही. मग म्हटलं कोड हातानं लिहू, पण जरा देखण्या जागी बसून. अडोबीच्या ब्रॅकेट्सवर जीव जडला, तर १ सप्टेंबर २०२१ ला अडोबीनं पाठिंबा काढला. गिटहबच्या ॲटमकडे गेले, तो १५ डिसेंबर २०२२ ला मिटला. आता नव्या एडिटरची ओळख करून देणारा कुणी भेटला की मला आधी त्याच्या मर्तिकाची तारीख विचारावीशी वाटते.

आणि २००४ साली लिहिलेली माझी एक साधी पानाची फाइल आजही कुठल्याही एडिटरात उघडते. एडिटर गेले, फाइल राहिली. म्हणून फाइलमध्ये स्वतःचं काही न घुसवणारा एडिटर मला आवडतो. 'दिसेल तसं' वाल्यांची खोड हीच, की न विचारता कोडमध्ये हात घालतात. जुन्या कॉम्पोझरला तर एचटीएमएल-५ चे नॅव्ह, सेक्शन हे टॅग ठाऊकच नाहीत. भाच्यानं ते वापरले असतील तर पान उघडून सेव्ह केल्यावर मांडणी विस्कटायची भीती. खुद्द वर्डमधून 'वेब पेज' म्हणून सेव्ह करणं तर त्याहून वाईट. तीन ओळींच्या सूचनेला शेकडो ओळींचा कचरा चिकटून येतो.

एका पतसंस्थेची गंमत सांगते. संचालकांचे फोटो असलेलं पान तिथल्या कारकुनानं दिसेल-तशा एडिटरात बनवलं. सचिवांना सगळे फोटो दिसायचे, सभासदांना एकही नाही. सचिव म्हणायचे, सभासदांचे फोनच भिकार. चित्राचा पत्ता एडिटरनं सी ड्राइव्हचा लिहिला होता. म्हणजे फोटो त्याच संगणकावर दिसणार, आणि तो संगणक सचिवांच्या टेबलावर! असे पत्ते मजकुराच्या एडिटरात डोळ्यांना टोचतात, दिसेल-तशा एडिटरात लपून राहतात.

त्याच जातीचा दुसरा घोळ अक्षरांच्या लहान-मोठेपणाचा. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल एकच, पण साइट ज्या लिनक्स सर्व्हरवर असते त्याला ती दोन वेगळी नावं. मोबाइलमधल्या फोटोच्या नावाचं शेपूट बऱ्याचदा कॅपिटल जेपीजी असतं. सगळी नावं लहान अक्षरांत, इंग्रजीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, हा प्रश्न उपजणारच नाही.

टॅगांची भीती तुम्ही बाळगू नका. अकरा पानं सांभाळायला परिच्छेद, मथळा, यादी, दुवा आणि चित्र, एवढे पाच-सहा टॅग पुरतात. ज्या ग्रंथपालांनी दशांश वर्गीकरणाचे आकडे तोंडपाठ केलेत त्यांना हे दोन दुपारचं काम. नोटपॅड++ टॅग रंगीत दाखवतो. उघडलेल्या टॅगवर कर्सर नेलात की बंद होणारा जोडीदारही उजळतो. रंग अचानक भलतीकडे पसरला तर समजायचं, वर कुठेतरी अवतरणचिन्ह उघडं राहिलंय.

ग्रंथालयाचा फोन नंबर बदलला तर अकरा पानं एकेक उघडत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकत्र दाबा, फोल्डर दाखवा, जुना नंबर, नवा नंबर. पण त्याआधी अख्ख्या फोल्डरची प्रत तारीख घालून बाजूला ठेवा. बंद फाइल्समध्ये अशी केलेली बदली 'अनडू'नं परत येत नाही. मी हे शिकले ते एका गिऱ्हाइकाच्या सव्वाशे पानांत 'दर' चा 'शुल्क' करताना. 'दरवर्षी' चं झालं 'शुल्कवर्षी' आणि 'सादर' चं झालं 'साशुल्क'.

पानं सर्व्हरवर चढवायला फाइलझिला किंवा विनएससीपी, दोन्ही फुकट. पण विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलंय, तेव्हा होस्टिंगचा पासवर्ड त्या मशीनमध्ये साठवून ठेवू नका, दर वेळी हातानं घाला.

नवा संगणक आला तर व्हीएस कोड बघा. मायक्रोसॉफ्टचा, २०१५ साली आलेला, फुकट. पण तो पोटात अख्खा ब्राउझर घेऊन चालतो, तुमच्या दोन जीबीत धापा टाकेल, आणि त्याची नवी आवृत्ती विंडोज ७ वर चालतही नाही. ज्यांच्याकडे आठ जीबी आहे त्यांनी खुशाल घ्यावा. रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबला की पानाचा सांगाडा तयार. लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन जोडलं तर इकडे सेव्ह करा, तिकडे ब्राउझरमध्ये पान आपोआप ताजं. तुमच्या 'दिसेल तसं' ची निम्मी हौस यानं भागते. सांगाड्यात एक खोट आहे: भाषा इंग्रजी लिहिलेली येते. पहिल्याच टॅगमध्ये लँगच्या पुढचं 'ईएन' पुसून 'एमआर' करायचं. ज्या फाँटांत सोय आहे तिथे ल आणि श मग आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. अंध वाचकांच्या स्क्रीनरीडरलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते कळतं. ग्रंथालयाच्या साइटवर तर हे हवंच.

आता तुम्ही न विचारलेलं. साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? नूतनीकरणाची ईमेल जर्मनीतल्या भाच्याला जात असेल आणि त्यानं तो पत्ता वापरणं सोडलं असेल, तर एका सकाळी साइटच जागेवर नसेल. या आठवड्यात त्याला फोन करा. डोमेन आणि होस्टिंग, दोन्हींची खाती ग्रंथालयाच्या ईमेलवर घ्या. आणि जावक रजिस्टराशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा: कुठला फोल्डर, कुठला एडिटर, सूचना कशी बदलायची, कुठे चढवायची. तुम्ही रजेवर असताना शिपाईदादांनी ती वाचून सभेची तारीख बदलून पाहावी. त्यांना जमलं तर एडिटर बरोबर निवडला. अडले, तर वहीत कुठली पायरी राहिली ते बघा.

प्रश्न : आमच्या मासिकाचे २००६ पर्यंतचे अंक साइटवर आहेत. कुठल्याही एडिटरात उघडले तरी मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कुठला एडिटर हे नीट दाखवेल? — संपादक, पुणे

उत्तर : कुठलाच नाही, आणि एडिटर खोटं बोलत नाहीये. ते अंक युनिकोडपूर्व फाँटात बसवलेले दिसतात. फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरंच आहेत, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवत होता. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला खिचडीच दिसणार, आणि गूगललाही तुमचा एकही लेख सापडणार नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी मोफत रूपांतरकं मिळतात, फक्त आपल्या नेमक्या फाँटाचं हवं. त्यानंतर रफार आणि पहिली वेलांटी माणसाच्या डोळ्यांनी तपासा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रूपांतर घसरतं ते इथेच. आणि रूपांतर फक्त मजकुराचं करा, टॅगांसकट अख्खी फाइल यंत्रात घातलीत तर टॅगांचंही मराठी होईल.

प्रश्न : बारावीत आहे, एचटीएमएल शिकायचंय, घरी संगणक नाही, फक्त अँड्रॉइड फोन. जमेल का? — विद्यार्थी, लातूर

उत्तर : जमेल. एकोड हा एडिटर टाक, तो फुकट आहे आणि फोनवरच पान उघडूनही दाखवतो. छोट्या कळफलकावर कंसांनी बोटं दुखतील, म्हणून रोज एकच छोटं पान कर. पहिलं पान वर्गाच्या वेळापत्रकाचं कर, टेबलचा टॅग त्यात सगळा येतो. चारेक पानं झाली की गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सोयीवर फुकट चढव आणि पत्ता मला कळव.