प्रश्न तुमचे : स्पेनची यादवी, घराघरातली

गेल्या अंकात स्पेनच्या यादवी युद्धावर (जुलै १९३६ ते एप्रिल १९३९) लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये लढायांबद्दल विचारणारे थोडे. बाजू कशी ठरली, खाल्लं काय, मेलेल्यांचं पुढे काय झालं, हेच विचारणारे जास्त. त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : एकाच गावातली माणसं एकमेकांविरुद्ध गेली. म्हणजे प्रत्येकाने विचार करून बाजू निवडली होती का? (एक वाचक, कराड)

थोड्यांनी निवडली, बहुतेकांच्या वाट्याला आली. निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्धचा लष्कराचा उठाव अर्धाच फत्ते झाला. सेव्हिल, झारागोझा, बुर्गोस उठाववाल्यांकडे गेलं. माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, बिल्बाओ प्रजासत्ताकाकडे राहिलं. १८ जुलैला तुम्ही ज्या गावात होतात, त्या गावाची बाजू ती तुमची बाजू. स्वयंसेवकांची गर्दी पहिल्या काही महिन्यांतली. पुढे दोन्हीकडे जन्मसालाप्रमाणे सक्तीची भरती सुरू झाली आणि वर्गातली पोरं एका यादीत, मामेभाऊ पलीकडच्या यादीत, असं झालं. १९३८ मध्ये प्रजासत्ताकाने सतरा वर्षांची मुलं बोलावली. या तुकडीला लोकांनी ‘दुधाच्या बाटलीची तुकडी’ म्हटलं, आणि ती पोरं एब्रो नदीच्या लढाईत गेली.

खऱ्या निवडीमागे बहुधा जमीन किंवा देऊळ. (देऊळ म्हणजे इथे चर्च.) बादाखोस प्रांतात २५ मार्च १९३६ ला, युद्धाच्या चार महिने आधी, सुमारे ६०,००० भूमिहीनांनी मोठ्या जमीनदारांच्या सुमारे ३,००० शेतांवर एका दिवसात ताबा घेतला होता. त्यांना उठावाच्या बाजूला जायचं कारणच नव्हतं. उलट कास्तिलमधला स्वतःच्या तुकड्यावर राबणारा, रविवार न चुकवणारा शेतकरी बऱ्याच अंशी उठावाकडे झुकला. पण हे गणित सगळीकडे बसत नाही. बास्क प्रदेश आणि शेजारचा नवारा, दोन्ही कट्टर कॅथलिक. नवारातले स्वयंसेवक लाल टोप्या घालून उठावात गेले. बास्क राष्ट्रवादी स्वायत्ततेपायी प्रजासत्ताकाबरोबर राहिले.

यात तिसरा भाग गावच्या भांडणांचा, आणि तो कमी धरू नये. पाटाचं पाणी, खंडाची बाकी, कामावरून काढलेला गडी. एरवी ही भांडणं कोर्टात सडली असती; आता चावडीवर एक तक्रार पुरे होती. लढाईच्या आघाडीमागे मारल्या गेलेल्यांचे इतिहासकारांचे अंदाज प्रजासत्ताकाच्या भागात सुमारे ५०,००० (त्यात जवळजवळ ७,००० पाद्री आणि जोगिणी) आणि उठावाचा सेनापती जनरल फ्रँको याच्या भागात एक लाखाहून बरेच जास्त असे आहेत. ‘दोन्हीकडे सारखंच’ हे सोयीचं वाक्य या आकड्यांवर टिकत नाही.

सामान्य माणसाने बाजू दाखवायची ती कागदाने आणि कपड्याने. माद्रिदमध्ये लोकांनी हॅट आणि टाय कपाटात टाकले, निरोपाच्या ‘आदिओस’मध्ये देव येतो म्हणून ‘सालुद’ (आरोग्य) म्हणायला लागले, आणि भीतीपोटी कामगार संघटनेचं कार्ड काढलं. बादाखोस शहर १४ ऑगस्ट १९३६ ला पडलं तेव्हा सैनिक पुरुषांचे सदरे खांद्यावरून खाली ओढून बघत. बंदुकीच्या दस्त्याचा काळानिळा वळ दिसला, की तो माणूस लढला, आणि लढला की गोळी.

युद्धकैद्यांची फ्रँकोच्या लष्कराने चार अक्षरांत वाटणी केली होती. ‘अ’ म्हणजे आपल्याकडचा किंवा सक्तीने तिकडे गेलेला, त्याला फ्रँकोच्या फौजेत घालायचं. ‘ब’ म्हणजे स्वखुशीने गेलेला साधा शिपाई, त्याची रवानगी कामगार पलटणीत. ‘क’ म्हणजे अधिकारी आणि पुढारी, ‘ड’ म्हणजे गुन्हेगार. या दोघांना लष्करी खटला. अक्षर ठरायचं गावाकडून येणाऱ्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर. तो द्यायचा अल्काल्देने (म्हणजे महापौराने), पाद्रीने, पोलीस ठाण्याने किंवा फालांखे या फ्रँकोच्या पक्षाच्या स्थानिक प्रमुखाने. गावाशी आपलं कसं जमायचं, यावर सक्तमजुरी की घर हे ठरलं.

प्रश्न : समोरासमोरचे सैनिक तंबाखूची देवाणघेवाण करत, हे खरं की दंतकथा? (एक वाचक, बेळगाव)

खरं. कानारी बेटांचा तंबाखू फ्रँकोकडे होता आणि विडीचा पातळ कागद बनवणारं अल्कॉय शहर प्रजासत्ताकाकडे. एकाकडे ओढायला आहे, गुंडाळायला नाही, दुसऱ्याचं उलटं. शांत आघाडीवर ओरडून वेळ ठरायची, मधल्या पट्ट्यात दोघं-चौघं भेटायचे, वर्तमानपत्रंही बदलायची. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी बंदी घातली, कारण अशा भेटीतून माणसं पलीकडे पळून जात.

प्रश्न : वेढ्यातल्या माद्रिदमध्ये बायका रोज चुलीवर काय चढवत होत्या? (एक वाचिका, नाशिक)

मसूर. इतका, की पंतप्रधान नेग्रीन डॉक्टर असल्यामुळे मसुराचं नावच ‘डॉक्टर नेग्रीनच्या गोळ्या’ पडलं. निवडताना खडे आणि किडे किती निघायचे याचे विनोद अजून सांगतात. कॉफीच्या जागी भाजलेलं जव किंवा चिकोरी. फ्रँकोच्या विमानांनी ऑक्टोबर १९३८ मध्ये शहरावर बॉम्बऐवजी पाव टाकले, पिशव्यांवर मजकूर छापून. बॉम्ब अर्थात थांबले नव्हते.

बटाटा-अंड्याशिवायचं ‘बटाट्याचं ऑम्लेट’ हा त्या काळचा गाजलेला प्रकार. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी थर काढून टाकायचा. आतला पांढरा भाग पाण्यात भिजवून कडूपणा घालवायचा आणि बटाट्यासारख्या पातळ चकत्या करायच्या. अंड्याच्या जागी सुमारे चार चमचे पिठाला दहा चमचे पाणी, चिमूटभर खायचा सोडा, मीठ, तेलाचे थेंब. आपल्या धिरड्याच्या पिठाइतकं सैल. नीट भिजवलं नाही तर कडू होतं, आणि सोडा जास्त पडला तर साबणासारखं लागतं. तव्यावर ते ऑम्लेटसारखं दिसायचं, एवढंच त्याचं कौतुक.

युद्ध संपल्यावर भूक वाढली. रेशनकार्ड १९३९ मध्ये आलं ते १९५२ पर्यंत चाललं. काळ्या बाजाराला ‘एस्त्रापेर्लो’ म्हणत. १९३५ मध्ये एका लबाड रूलेट यंत्राच्या लाचप्रकरणाने सरकार हादरलं होतं, त्या यंत्राचं हे नाव.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये पायांतली ताकद जाऊन माणसं काठीवर आली. कारण लाखोळी. भंडारा-गोंदियाकडची तीच लाखोळी, स्पेनमध्ये तिच्या पिठाची पेज करतात. दुसरं धान्य नसल्याने आठवड्यातून एकदा खायचं पीठ लोकांनी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्लं. दाण्यातलं विष मज्जातंतूंवर जातं आणि आलेला लुळेपणा सहसा मागे फिरत नाही. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष कमी होतं. पण पीठच विकत घेतलेलं असेल तर भिजवणार काय?

आणि पेटीत जपलेले पैसे? प्रजासत्ताकाने १८ जुलै १९३६ नंतर काढलेल्या नोटा विजेत्यांनी रद्द ठरवल्या. जिथे पगार त्या नोटांत झाला, तिथल्या घरांची तीन वर्षांची बचत कागद झाली.

प्रश्न : ऐंशी वर्षांनी सामूहिक कबरी शोधतात कशा? यंत्र फिरवलं की हाडं दिसतात का? (एक वाचक, पुणे)

दिसत नाहीत. भूवेधी रडार हाडं दाखवत नाही. माती कधीतरी हलवली होती एवढं सांगतं, आणि तेही चिकणमातीत अडखळतं. कामाची सुरुवात माणसांपासून होते. कुणाला उचलून नेलं, किती जण, कुठल्या वळणावर, हे म्हाताऱ्यांकडून. मग तुरुंगाच्या नोंदी, दफनभूमीचं रजिस्टर, जुनी विमानातून काढलेली छायाचित्रं. आठवण बहुधा खुणेला चिकटलेली असते: अक्रोडाचं झाड, पूल, कुंपण. झाड तोडलेलं असतं, रस्ता रुंद होताना सरकलेला असतो, डोंगरावर पाइन लावलेले असतात. फसलेली बहुतेक खोदकामं इथे फसतात.

परवानगी मिळाल्यावर लहान खोदयंत्राने चाचणीचे चर घेतात. यंत्राच्या बादलीला दात नकोत, सरळ धारेची हवी; दात कवटी फोडतात. पाच-दहा सेंटिमीटरचा एकेक थर काढायचा आणि कुणीतरी समोर उभं राहून मातीचा रंग बघायचा. हलवलेली माती मिसळलेली, भुसभुशीत दिसते. पहिलं हाड किंवा बुटाचा तळ दिसला की यंत्र बंद. पुढे थापी, लाकडी काड्या, ब्रश. सगळे सांगाडे उघडे होईपर्यंत एकही उचलायचा नाही; प्रत्येकाला क्रमांक, छायाचित्र, मोजणी. मग शेवटी पडलेला सर्वांत आधी उचलायचा. घाईने मधला काढला की पाय एकाचा, हात दुसऱ्याचा होतो. काढलेली सगळी माती चाळणीतून जाते, कारण दात आणि गोळीचे तुकडे तिथेच सापडतात.

घरच्यांना ओळखीचं वाटतं ते बहुधा कपड्यालत्त्यातलं: टायरच्या रबराची चप्पल, वातीचा लायटर, पेन्सिलीचा तुकडा, बटणं. मनगटाभोवती तारही निघते. चुना टाकला असेल तर हाडं नाहीशी झाली असतील असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. हाडं खाते ती आम्लधर्मी माती.

कबरी उघडण्याची आजची पद्धत ऑक्टोबर २००० मध्ये लेओन प्रांतातल्या प्रिआरान्सा देल बिएर्सो इथे सुरू झाली. एमिलिओ सिल्वा या पत्रकाराने आजोबांचा शोध घेतला, तेरा जणांची कबर उघडली गेली आणि डीएनएने आजोबांची ओळख पटली. १९७७ च्या माफीच्या कायद्यामुळे खटले पुढे सरकत नव्हते. या मृतांच्या स्मृतीचा कायदा २००७ मध्ये आला आणि खोदकामाची जबाबदारी थेट सरकारवर टाकणारा २०२२ मध्ये.

पाम्प्लोनाजवळ सान क्रिस्तोबाल किल्ल्याचा तुरुंग होता. तिथे १९४२ ते १९४५ मध्ये मेलेल्या कैद्यांना पुरताना दोन पायांमध्ये काचेची बाटली ठेवत, आत गुंडाळलेल्या कागदावर नाव आणि मृत्यूची नोंद. बूच घट्ट राहिलं तिथे कागद वाचता आला; पाणी शिरलं तिथे लगदा. व्हॅलेन्सियाजवळच्या पातेर्नात लेओन्सिओ बादिया या प्रजासत्ताकवादी माणसाला कबरखोद्याचं काम करावं लागलं. तो मृतांच्या कपड्यांचे तुकडे, बटणं कापून विधवांना गुपचूप द्यायचा आणि प्रेताजवळ नावाची बाटली ठेवायचा. गोळ्या घालून मारलेल्यांची पातेर्नातली संख्या २,२३८.

प्रश्न : डीएनएसाठी कुठलाही नातेवाईक चालतो का? (एक वाचिका, ठाणे)

नाही, आणि इथे मराठीतली नाती फार सोपं करतात. मृत पुरुष आहे असं धरा. मुलगा किंवा मुलगी जिवंत असेल तर उत्तम, थेट अर्धा वारसा मिळतो. नसतील तर दोन वाटा. बापाकडून मुलग्यालाच जाणाऱ्या वाय गुणसूत्रासाठी मुलाचा मुलगा, भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ. आईकडून जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएसाठी बहीण, भाचा, भाची, मावसभावंडं. मृताच्या मुलीची मुलगी दोन्ही वाटांवर नसते. ती एकटीच असेल तर निकाल कमकुवत राहतो. म्हणून घरातला सर्वांत म्हातारा माणूस आधी गाठायचा. गालाच्या आतून दोन कापसाच्या काड्या फिरवायच्या, त्याआधी थोडा वेळ काही खायचं नाही.

सांगाड्यातून न किडलेली दाढ किंवा मांडीच्या हाडाचा मधला तुकडा घेतात. अडचण कुठे येते? एका गावातले दोन चुलतभाऊ एकाच खड्ड्यात असले की वाय गुणसूत्र सारखंच निघतं. तेव्हा वय, उंची, जुनी मोडलेली हाडं आणि ती बटणं पुन्हा कामाला येतात.

प्रश्न : त्या युद्धात कुणी मराठी माणूस होता का? (एक वाचक, नागपूर)

तुमच्याच गावचे होते. गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. बालाघाट दरोडा प्रकरणात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या (प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेच्या) ब्रिटिश पलटणीत दाखल झाले. एप्रिल १९३८ च्या सुमाराला गांदेसाजवळ पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठात परदेशी कैद्यांचा तळ होता, तिथे त्यांना ठेवलं. १९३८ मध्येच सुटका झाली. परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. बाजू बदलते ती कशी, याचं इतकं जवळचं उदाहरण नागपूरकरांनी फारसं चर्चेत ठेवलेलं नाही, हे नवल.

दुसरा धागा सोलापूरचा आहे, जरा वळसा घेऊन. डॉ. मोहनलाल अटल यांनी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम केलं. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून चीनला निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख तेच होते, आणि त्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते.